‘घाबरू नका’ म्हणून भीती जात नाही, मग काय म्हणायचं?

प्रोसिजर रूममध्ये नुकत्याच रुजू झालेल्या एका सिस्टरांनी विचारलं आहे: “घशातली दुर्बीण, नाकातून नळी, बोन मॅरो म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, अशा गोष्टींसाठी येणारे पेशंट इतके घाबरलेले असतात की कधीकधी हात धरून ठेवावे लागतात. मी सारखं ‘घाबरू नका, काही होत नाही’ म्हणत असते, पण उपयोग शून्य. प्रत्येकाला गुंगीचं औषध देता येत नाही. मग नेमकं बोलायचं काय आणि करायचं काय?”

सुरुवात त्या वाक्यापासूनच करते. ‘घाबरू नका’ हे आपण बऱ्याचदा स्वतःसाठीच म्हणतो. समोरच्याची घालमेल बघवत नाही, म्हणून तोंडातून निघून जातं. पेशंटला त्यातून कळतं एवढंच, की इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे आणि त्याचं घाबरणं आपल्याला नकोसं झालंय. ‘काही होत नाही’ तर त्याहून वाईट. दोन मिनिटांत काहीतरी होतंच, आणि त्यानंतर तुम्ही अगदी खरं बोललात तरी त्याला पटत नाही.

माझं मत सांगते, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. थोडा वेळ दुखणं बहुतेक माणसं सोसतात. सोसवत नाही ते हे, की आपल्याच अंगाशी काहीतरी चाललंय आणि त्यात आपलं काही चालत नाही. म्हणून नुसता धीर देत बसू नका, पेशंटच्या हातात काहीतरी द्या: खरी माहिती, एखादं काम आणि थांबवण्याचा हक्क.

त्याआधी एक अट. गोड बोलून बधिर करण्याची कसर भरून निघत नाही. ‘पेशंट सहकार्य करत नाही’ असं केसपेपरवर लिहिलं जातं, तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं की लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध दिल्यावर ते मुरायला कुणी वेळच दिला नाही. ‘डॉक्टर, अजून दोन मिनिटं थांबू या’ म्हणणं हे आपलं काम आहे, आणि पेशंटला समजावण्यापेक्षा ते अवघड असतं, हे तुम्हाला लवकरच कळेल. लिग्नोकेन-प्रायलोकेनचं क्रीम असेल तर ते सुमारे तासभर आधी लावून वरून झाकून ठेवावं लागतं. टोचायच्या पाच मिनिटं आधी चोपडलेलं क्रीम हा नुसता देखावा. लिग्नोकेन आम्लधर्मी असतं, त्यामुळे आत जाताना आग होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ९ भाग लिग्नोकेनमध्ये १ भाग ८.४ टक्क्यांचं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं, सुई बारीक घेतली आणि औषध सावकाश सोडलं, तर ही आग बरीच कमी होते. कॅथेटरच्या बधिर करणाऱ्या जेलीलाही काही मिनिटं द्यावी लागतात. हे सगळं झाल्यावर जी भीती उरते, तिच्याबद्दल आता बोलू.

आत नेण्यापूर्वी दोन मिनिटं खुर्ची ओढून पेशंटशेजारी बसा आणि विचारा, “याआधी असं काही झालं होतं का? तेव्हा सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?” उत्तरं ऐकून नवल वाटेल. दुखण्याची भीती आहे असं आपण गृहीत धरतो, आणि पेशंटला भीती असते उलटी होईल याची, अंगावरचं कापड सरकेल याची, कुणीतरी ओरडेल याची, किंवा तपासणीत काय निघेल याची. शेवटची भीती असेल तर श्वासाचे व्यायाम शिकवून काही होत नाही. रिपोर्ट कधी मिळेल, तो कोण समजावून सांगेल, एवढं सांगितलं तरी माणूस थोडा सैल होतो.

घशातल्या दुर्बिणीचंच घ्या. बहुतेकांची खरी भीती गुदमरण्याची असते. आणि ती भडकते कधी, तर दुर्बीण आत जाताना नव्हे, त्याच्या आधी, घशात स्प्रे मारल्यावर. घसा बधिर झाला की तो जाड झाल्यासारखा, सुजल्यासारखा वाटतो, गिळलेलं कळत नाही. पेशंटला वाटतं श्वासच बंद होतोय. म्हणून स्प्रेच्या आधी सांगा: “आता घसा जाड लागेल, गिळताच येत नाहीसं वाटेल. याचा अर्थ औषध लागू पडलंय. श्वासाची वाट मोकळीच आहे, बघू या?” मग त्यांना तोंड उघडं ठेवून नाकाने चार-पाच श्वास घ्यायला लावा. दुर्बीण अन्ननलिकेत जाते, श्वासनलिका वेगळी असते, हे तोंडी सांगण्यापेक्षा तोंड उघडं असताना नाकाने श्वास येतो-जातो हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं जास्त कामी येतं. लाळेचंही आधीच सांगून टाका: गिळायची नाही, गालाखालच्या टॉवेलवर वाहू द्यायची, इथे कुणालाही त्याचं काही वाटत नाही. लाळ गिळण्याच्या धडपडीतच अर्धे ठसके लागतात. पोटात हवा सोडली की फुगल्यासारखं होईल आणि ढेकर येतील, तेही सांगा. चारचौघांत ढेकर दाबणारी माणसं तिथेही दाबत राहतात आणि उगीच कळवळतात.

यातली खुबी अशी की तुम्ही काय ‘करणार’ याच्याइतकंच त्यांना काय ‘जाणवणार’ तेही सांगताय. जीन जॉन्सन या अमेरिकन नर्सिंग संशोधकाने १९७०च्या दशकात यावर काम केलं. हातापायाचं प्लास्टर कापायला आलेल्या मुलांना करवतीचा आवाज ऐकवला आणि धूळ उडेल, कोमट लागेल, कंप जाणवेल असं आधी सांगितलं, तर ती मुलं कमी बिथरली. घशातल्या दुर्बिणीच्या पेशंटवरही त्यांनी असा अभ्यास केला होता. जे जाणवायला हवं तेच जाणवतंय म्हटल्यावर मन त्याला धोका समजत नाही.

मात्र सगळ्यांना सगळं ऐकायचं नसतं. सुझन मिलर आणि चार्ल्स मँगन यांनी १९८३ साली कॉल्पोस्कोपीसाठी (गर्भाशयाच्या मुखाची दुर्बिणीतून तपासणी) आलेल्या बायकांवर केलेल्या अभ्यासात हेच दिसलं. माहिती हवी असणाऱ्यांना भरपूर आणि नको असणाऱ्यांना मोजकीच मिळाली, तेव्हा त्या जास्त शांत राहिल्या. म्हणून थेट विचारा, “मी प्रत्येक पायरी सांगत जाऊ, की तुम्ही डोळे मिटून गाणी ऐकाल आणि मी फक्त गरजेपुरतं बोलू?” संमतीपत्राच्या वेळची जोखमीची माहिती डॉक्टरांनी द्यायचीच असते, ती यात धरलेली नाही.

आता शब्दांचं. खरं बोलायचं हे ठीक, पण खरेपणाच्या नावाखाली रंगवून सांगायचं नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाठीतून भूल घेणाऱ्या १४० गर्भवती होत्या. पाठीत बधिर करणारं इंजेक्शन देताना काहींना सांगितलं की जागा बधिर होईल आणि पुढचं तुम्हाला सुसह्य होईल. बाकीच्यांना सांगितलं की मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग. सुई तीच, औषध तेच. पहिल्या गटाने दुखण्याला १० पैकी साधारण ३ गुण दिले आणि दुसऱ्याने ५. म्हणून ‘आता जोरात टोचणार हं’, ‘थोडं सहन करा’, ‘हे मात्र दुखतं बरं का’ ही आपली रोजची वाक्यं टाकून द्या. त्याऐवजी: “आता औषध आत जातंय. कुणाला दाब जाणवतो, कुणाला थोडी आग होते, मग जागा बधिर होत जाते. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.” यात खोटं काही नाही, आणि शेवटच्या वाक्याने पेशंट सोसणाऱ्याचा सांगणारा झाला. हात लावण्यापूर्वी सांगणं मात्र चुकवू नका. अचानक लागलेला गार हातसुद्धा माणसाला टेबलावरून उडवतो.

थांबण्याची खूण हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलेला उपाय. दातांचे डॉक्टर तो कधीपासून वापरतात: डावा हात वर केला की थांबायचं. आपल्याकडे तो करायचा तर तीन गोष्टी सांभाळा. डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. पेशंटला एकदा करून बघायला लावा, म्हणजे त्याने हात उचलला आणि सगळे खरोखर थांबले, हे त्याला दिसलं पाहिजे. आणि जिथे थांबता येणार नाही ते टप्पे आधी सांगा: “सुई आत असताना लगेच काढता येणार नाही, पण पाच मोजेपर्यंत ते संपतं, तेवढं मी मोठ्याने मोजते.” खूण दिल्यावर पेशंट सारखे थांबवत बसतील अशी भीती डॉक्टरांना वाटते. एकदा पाळली गेलेली खूण पेशंट फारशी वापरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. पण हात वर केल्यावर ‘झालंच, झालंच’ म्हणत काम चालू ठेवणार असाल तर खूण देऊच नका. ज्याला दिलेला शब्द आपण मोडला, तो पेशंट पुढच्या तपासणीला येत नाही.

‘झालंच’वरून आठवलं. अजून बाकी असेल तर ‘झालंच’ म्हणू नका. ‘अर्धं झालंय’, ‘अजून दोन तुकडे घ्यायचे आहेत’, असं मोजून सांगा.

श्वासाबद्दल सगळेच सांगतात, पण सांगताना एक गफलत करतात. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटलं की घाबरलेला माणूस हवा गिळतो, भराभर घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्याला वाटतं हार्ट अटॅकच आला. म्हणून सूचना उलटी द्या: “श्वास सोडा. मेणबत्ती विझू न देता फुंकताय, असं हळूहळू.” सोडलेला श्वास लांबला की घेतलेला आपोआप येतो. तुम्ही स्वतः त्याला ऐकू येईल असा सोडा, तो तुमच्या लयीत येतो.

एका प्रकारच्या पेशंटला मात्र हे ‘सैल सोडा’ चालत नाही. रक्त किंवा सुई बघून चक्कर येणारे. यांचे ठोके आधी वाढतात, मग अचानक नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात. चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, जांभया येतात, मळमळतं. अशांना शिथिल व्हायला सांगणं म्हणजे पडायला मदत करणं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात यावर सोपी युक्ती बसवली. हात, पाय आणि धडाचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले नाही, नेहमीसारखे. असं पाच वेळा. यात रक्तदाब टिकून राहतो. सुई ज्या हातात टोचायची तो हात तेवढा सैल ठेवा, आणि रक्त घ्यायचं तर झोपवूनच घ्या. त्यासाठी आधी विचारावं लागतं, “सुई बघून कधी चक्कर आलीय का?” हा प्रश्न धट्ट्याकट्ट्या तरुणांना आवर्जून विचारा. ‘छे, मला काय होतंय’ म्हणणारे उभ्या-उभ्या कोसळतात, आणि त्यांना झेलायचं आपल्यालाच असतं.

पेशंटला काम देण्याच्या जागा प्रत्येक प्रोसिजरमध्ये असतात, फक्त शोधाव्या लागतात. नाकातून नळी घालताना पेशंटला ताठ बसवा. नळी घशापर्यंत गेली की हनुवटी छातीकडे आणि, गिळणं सुरक्षित असेल तर, पाण्याचा ग्लास त्याच्याच हातात: “मी ‘आता’ म्हणाले की एक घोट.” प्रत्येक घोटाबरोबर नळी पुढे सरकते. मग नळी आपण घालत नाही, तो गिळत असतो. खोकला थांबेना किंवा आवाज फुटेना झाला तर लगेच मागे घ्या. तेव्हा धीर देत बसायचं नसतं. पुरुषांमध्ये कॅथेटर किंवा लघवीच्या मार्गातली दुर्बीण अडते ती बहुधा आवळलेल्या स्नायूपाशी. ‘ढिलं सोडा’ म्हटल्याने कुणी ढिलं सोडत नाही. ‘लघवी सुरू करताना करता तसं करा, आणि पायाची बोटं हलवत राहा’ म्हटलं की जमतं. ड्रेसिंगच्या वेळी जखमेला चिकटलेली पट्टी भिजवून ती स्वतः सोडवायची मुभा दिली तर पुष्कळजण वेळ जास्त घेतात, पण ओरडत नाहीत.

बोन मॅरोमध्ये एक क्षण असा येतो की तो आधी न सांगणं अन्याय आहे. लिग्नोकेनने कातडी आणि हाडाचं वरचं आवरण बधिर होतं, पण आतला मगज ओढून घेताना होणारी ओढ त्याने थांबत नाही. काही सेकंदांची, खोल, पायापर्यंत जाणारी विचित्र कळ असते. दहा मिनिटं छान चाललेलं असताना ती अचानक आली की पेशंटचा सगळ्यांवरचा विश्वास उडतो. मी डॉक्टरांना सांगून ठेवते की सिरिंज ओढण्यापूर्वी मला नजर द्या. मग पेशंटला सांगते, “आता ओढ येईल, माझ्याबरोबर श्वास सोडा, मोजतेय,” आणि मोजते. मोजणं संपेपर्यंत ओढही संपलेली असते.

एमआरआयमध्ये तर काही टोचतच नाही, तरी काहीजण मध्येच बाहेर काढा म्हणतात. तिथे दोन गोष्टींनी फरक पडतो. हातात दिलेला घंटेचा फुगा आधी दाबून बघायला लावा आणि तुम्हाला ऐकू आल्याचं सांगा. आणि डोळ्यांवरचं कापड टेबल आत सरकण्याच्या आधी ठेवा. छत नाकाशी आलेलं एकदा पाहिल्यावर डोळे मिटून उपयोग नाही. बोगदा दोन्हीकडून उघडा असतो आणि आत हवा खेळती असते, हे सांगा. मधूनमधून माइकवरून ‘पुढचा आवाज चार मिनिटांचा’ असं कळवत राहा.

खोलीत एकानेच बोलावं. एकाच वेळी तिघं ‘श्वास घ्या’, ‘हलू नका’, ‘पाय सरळ’ म्हणायला लागले की पेशंट कुणाचंच ऐकत नाही. आपसातलं बोलणंही त्याच्या कानावर जात असतं. ‘शीर सापडेना’, ‘मोठ्या नंबरची दे’ हे हळू बोलल्याने जास्तच ऐकू जातं. डॉक्टर यायच्या आत पेशंटला उघडं करून, पाय अडकवून ठेवू नका. तशा अवस्थेत घालवलेली पाच मिनिटं प्रत्यक्ष तपासणीपेक्षा जास्त लक्षात राहतात.

मुलांबद्दल थोडक्यात. चौघांनी धरून उताणं पाडणं हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. आईबाबांच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवलं की हातही धरलेला राहतो आणि मूल कुशीतही राहतं. तान्ह्या बाळाला लस देताना अंगावर पाजणं चालू ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सुचवलं आहे. पालक सारखे ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहिले तर मूल जास्त बिथरतं, हेही अभ्यासांत दिसलंय. त्यांना गोष्ट सांगायला, फुगे उडवायला लावा. मुलाला खरेच पर्याय द्या: कोणता हात, बघायचं की नाही. ‘सुई टोचू का?’ हा पर्याय नव्हे, कारण ‘नको’ म्हटलं तर आपण थांबणार नसतो.

आणि शांत पेशंटकडे लक्ष ठेवा. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. पण भीतीने गोठलेला माणूस निमूट पडून असतो आणि आपण त्याला ‘चांगला पेशंट’ म्हणतो. मुठी बघा, पायाची बोटं बघा, छताला खिळलेली नजर बघा. आतून तपासणी करून घ्यायला आलेल्या बायकांमध्ये हे विशेष. एखादीवर पूर्वी अत्याचार झालेला असू शकतो, आणि ती तो सांगेलच असं नाही. म्हणून प्रत्येकीलाच विचारायचं: सोबत कोण हवं, स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा ठेवणारं उपकरण) स्वतः आत सरकवायला आवडेल का. आणि ‘थांबा’ म्हटलं की बाहेर.

गुंगीच्या औषधाला माझा अजिबात विरोध नाही. सगळे उपाय करूनही माणूस थरथरत असेल तर गुंगी द्यावी किंवा तारीख पुढे घ्यावी. यात कुणाची हार नाही. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाने भीती कमी होते, पण त्यानंतर घडलेलं आठवत नाही हाही त्याचा गुण आहे. पेशंट टेबलावर कण्हत असेल तर ‘त्याला आठवणार नाही’ म्हणून दुर्लक्ष करू नका, त्या क्षणी त्याला दुखतंच आहे. श्वास आणि ऑक्सिजनवर नजर, त्याचा असर उतरवणारं फ्लुमाझेनिल हाताशी, घरी न्यायला सोबत माणूस, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही, यात तडजोड नाही. सुईच्या भीतीने जो वारंवार उपचारच टाळतो, त्याला मात्र मानसशास्त्रज्ञांकडे पाठवा. अशा ठरावीक भीतीवर टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याचे उपचार चांगले लागू पडतात, आणि ते वर्षानुवर्षं चालणारे नसतात.

शेवटची दोन-तीन मिनिटं आपण सगळ्यात घाईत उरकतो, आणि पेशंटच्या लक्षात तीच जास्त राहतात. रेडेलमायर, कात्झ आणि कानमन या संशोधकांनी २००३ साली मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीचे ६८२ पेशंट घेतले. त्यातल्या निम्म्यांमध्ये दुर्बिणीचं टोक बाहेर काढण्यापूर्वी ३ मिनिटांपर्यंत नुसतं स्थिर ठेवलं. तपासणी लांबली, तरी या पेशंटना आठवताना त्रास कमी वाटला. म्हणून तपासणी मुद्दाम लांबवा असं मी म्हणत नाही. शेवटचा भाग ओढून काढू नका, लगेच ‘उतरा खाली’ म्हणू नका, एवढंच. पेशंटला मिनिटभर पडू द्या आणि त्याने काय केलं ते नेमकं सांगा: “तुम्ही श्वास सोडत राहिलात, म्हणून नळी एका फटक्यात गेली.” नुसतं ‘शाब्बास’ पुरत नाही.

मग केसपेपरवर औषधांच्या खाली दोन ओळी लिहा. ‘सुई बघून चक्कर येते, झोपवून रक्त घ्यावे. उजव्या हाताची शीर बरी. प्रत्येक पायरी सांगितलेली आवडते. डाव्या हाताची खूण ठरलेली, एकदाच वापरली.’ पुढच्या वेळी ड्यूटीवर तुम्ही नसाल, दुसरी सिस्टर असेल, आणि तिला तो माणूस पुन्हा पहिल्यापासून ओळखत बसावं लागणार नाही.